सुनेला दूध सोसत नाही. डोहाळजेवणात आणि बाळंतपणात काय काय करू?

गोदाकाठ | 9 मे, दुपारी 3:20

नमस्कार मंडळी,

आधी आनंदाची बातमी. आमच्या घरी पाळणा हलणार आहे. सुनेला मेअखेर सातवा लागेल. डोहाळजेवण नाशिकला आमच्याकडेच करायचं ठरलंय, बाळंतपणही इथेच. तिचं माहेर नागालँडमधलं मोकोकचुंग. आओ नागा घरातली आहे. मुलगा आणि ती बंगळुरूला एकाच ऑफिसात होते, दोन वर्षांपूर्वी लग्न झालं. आता दोघंही घरून काम करतात म्हणून इंदिरानगरला आमच्याजवळ राहायला आलेत.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. लग्नानंतर ती पहिल्यांदा माप ओलांडून आत आली, तेव्हा मी स्वतःच्या हाताने तिला चांदीच्या पेल्यात केशर-बदाम घातलेलं आटीव दूध दिलं. तिने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं. रात्री तिचं पोट बिघडलं. आम्ही म्हटलं प्रवासाची दगदग. मग दिवाळीला बासुंदी, पाडव्याला श्रीखंड आणि इथे असली की रोज रात्री हळद घालून दूध. दोन वर्षं ती मुकाट्याने पीत आली.

गेल्या महिन्यात रात्री अकराला पाणी प्यायला उठले, तर ही ओट्याला टेकून फरशीवर बसलेली. एक हात पोटावर. दुधाचा पेला धुऊन पालथा घातलेला. मी घाबरले, म्हटलं काय होतंय? तर म्हणाली, "आई, दूध मला नाही चालत. लहानपणापासून नाही चालत." म्हटलं, अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस? त्यावर म्हणाली, "तुम्ही इतक्या प्रेमाने देत होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण जे सगळ्यात मायेने पुढे करत होतो त्यानेच त्या पोरीला त्रास होत होता.

मग तिने सगळं सांगितलं. त्यांच्या घरी चहा कोराच. दही, ताक, लोणी, तूप हे तिने कॉलेजला बाहेर पडल्यावर बघितलं. त्यांच्याकडे मिथुन नावाचं दांडगं, गव्यासारखं जनावर पाळतात, पण त्याचं दूध काढत नाहीत. "ते त्याच्या पिल्लाचं असतं ना," इतकं साधं तिने सांगितलं.

आता प्रश्न. डोहाळजेवणाचं ताट आणि नंतरचा बाळंतिणीचा सव्वा महिना, दोन्हीत आपल्याकडे जिकडे तिकडे दूधच. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत, त्यांचं एकच म्हणणं: आई दूध पिणार नाही तर बाळाला दूध येणार कुठून? बिनदुधाचं काय काय करता येईल ते सुचवा. आणि कुणाच्या घरी असं परमुलखातलं माणूस आलं असेल तर तुम्ही कसं निभावलंत तेही लिहा.

---

आजीची_शिदोरी | 9 मे, संध्याकाळी 5:02

ताई, मनापासून अभिनंदन! आजी होणार तुम्ही.

पण माझं मत स्पष्ट सांगते. दूध हे पूर्णान्न आहे, गरोदरपणात ते सोडू नये. सुंठ घालून, निम्मं पाणी घालून उकळून द्या. आधी चार चमचे, मग अर्धी वाटी. पोटाला सवय लागते. माझ्या धाकट्या जावेलाही दूध बघून उलटी व्हायची, तिसऱ्या महिन्यानंतर छान पचायला लागलं.

---

मालवणी_माहेर | 9 मे, संध्याकाळी 6:40

गोदाकाठताई, अभिनंदन. मी मालवणची, लग्न होऊन नाशिकला आले त्याला 26 वर्षं झाली. तुमच्या सुनेचं मला फार समजलं. मलाही इथे आल्यावर पहिला धक्का दुधाचाच बसला होता. आमच्याकडे गोड म्हणजे नारळाचा रस. शिरवाळे खातो ते गूळ घातलेल्या नारळाच्या रसात, जेवणाच्या शेवटी ताकाऐवजी सोलकढी. माझी आई म्हशीच्या दुधाची खीर वर्षातून दोनदा करत असेल.

तेव्हा डोहाळजेवणाची काळजी सोडा. नारळाच्या रसातली तांदळाची खीर करा, गूळ आणि वेलची घालून. एकच लक्षात ठेवा, रस घातल्यावर खळखळ उकळू देऊ नका, फुटतो. आधी तांदूळ पाण्यात पुरता मऊ शिजवून घ्या, गूळ विरघळू द्या, आच अगदी मंद करा आणि सगळ्यात शेवटी पहिला दाट रस घाला. एक वाफ आली की बंद.

अळिवाचे लाडू तर मुळातच बिनदुधाचे. अळीव शहाळ्याच्या पाण्यात भिजवायचे, ओलं खोबरं आणि गूळ घालून आटवायचे. फक्त ते बाळंत झाल्यावरच द्या, पोटुशीला अळीव देत नाहीत.

---

स्टेथोस्कोप | 9 मे, रात्री 9:15

मी डॉक्टर आहे, पण तिच्या डॉक्टरांनी तिला तपासलंय, मी नाही. त्यामुळे हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. 100 मिलिलिटर दुधात साधारण 5 ग्रॅम. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे पाचकद्रव्य लागतं. प्रत्येक बाळाकडे ते भरपूर असतं, कारण आईच्या दुधात ही साखर आणखी जास्त, 7 ग्रॅमच्या आसपास असते. अंगावरचं दूध सुटल्यावर बहुतेक माणसांत हे द्रव्य कमी कमी होत जातं. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं असंच आहे. म्हणजे सूनबाईंना काही आजार नाही. उलट मोठेपणीही दूध पचणं हा काही हजार वर्षांपूर्वी गुरं पाळणाऱ्या लोकांत पसरलेला एक जनुकीय बदल आहे. भारतात तो वायव्येकडे जास्त आढळतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाल तसा कमी होतो.

न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात. त्यातून वायू होतो, पोट फुगतं, कळा येतात, जुलाब होतात. ही दुधाची ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते, तिच्यात तुपाच्या बाबतीतही जपावं लागतं. इथे नेमकं काय आहे ते एकदा डॉक्टरांना विचारून घ्या.

आजीची_शिदोरी, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. थोडं थोडं घेत गेलं तर आतड्यातले जिवाणू जुळवून घेतात, काहींचा त्रास कमी होतो. बरेच जण जेवणाबरोबर एखादा कप दूध सोसूही शकतात. पण सातव्या महिन्यात, पोटावर आधीच दाब असताना ही सवय लावायला जाऊ नये, असं मला वाटतं.

आणि आजींना नक्की सांगा, आईचं दूध आईने दूध प्यायल्याने येत नाही. बाळ जितकं ओढेल तितकं येतं. आईला लागतं ते पुरेसं जेवण, पाणी आणि झोप. गरोदरपणात दिवसाला 1000 मिलिग्रॅम आणि अंगावर पाजताना 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, ते दुसरीकडूनही मिळतं. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्याच असतील, त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत.

---

सिन्नरचा_दूधवाला | 10 मे, सकाळी 6:10

धार काढून आलो आणि धागा वाचला. ताई, अभिनंदन.

आमचं घर तीन पिढ्या दुधावर चाललंय. माझे आजोबा डोक्यावर चरवी घेऊन नाशकाच्या दूध बाजारात यायचे. त्यामुळे दुधाला कुणी वाईट म्हटलं की मला लागतं. पण इथे कुणी तसं म्हटलेलं नाही आणि ज्याला सोसत नाही त्याला पाजू नये हे आम्ही गवळीच आधी सांगू. घरात म्हातारी माणसं असतात, आम्हालाही माहीत असतं कुणाला दूध चालतं आणि कुणाला फक्त ताक.

कामाचं सांगतो. दूध आणि दुधाचं सगळं सारखं नसतं. विरजण लागलं की त्यातली काही साखर जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून दही जास्त पचतं. दही फडक्यात टांगलं की जी हिरवट-पिवळी निवळ खाली गळते, तिच्यातून साखर आणखी निघून जाते. म्हणून ताज्या चक्क्यात ती कमी उरते. कढवलेल्या तुपात जवळपास नसतेच. आणि खव्यात मात्र उलटं, दूध आटलं म्हणजे साखर घट्ट झाली. एक पेढा म्हणजे कितीतरी दूध. त्यामुळे पेढा, बासुंदी, रबडी तिच्या ताटात नको. डिंकाचा लाडू तुपातला चालेल बहुतेक. डॉक्टरसाहेब, चुकत असेन तर सांगा.

---

स्टेथोस्कोप | 10 मे, सकाळी 8:31

काही चुकलं नाही. इतकं नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

---

पेठरोड_गुरुजी | 10 मे, रात्री 8:48

मी 19 वर्षं सुरगाणा-पेठ भागात शिकवतो. ताई, तुम्ही नागालँडचं सांगताय, पण नाशिक जिल्ह्यातही दुधाशिवायचं जेवण आहे, आपण तिकडे बघत नाही इतकंच.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी गाय आहे, ती शेतीसाठी आणि शेणखतासाठी. घरी दूध पिण्याची सवय नाही. सुरुवातीला शाळेत मुलांना दूध दिलं की काही मुलं पोट धरून बसायची. मी नवखा होतो, मला वाटायचं नाटकं करतात. एका मुलाला मी रागावून पेला संपवायला लावला होता. तो मुलगा आता बाप झालाय, भेटला की हसून बोलतो, पण मला ते अजून टोचतं.

या लोकांचं जेवण म्हणजे नागलीची भाकरी, उडदाची डाळ, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाज्या, ओढ्यातले मासे आणि खेकडे. 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात 120च्या आसपास. कोरडं धान्य आणि पातळ दूध यांची अगदी सरळ तुलना होत नाही, पण दोन भाकऱ्या पोटात गेल्या तर कमी नाही. मोड आणून, सावलीत वाळवून दळलीत तर अंगी जास्त लागते. तीळ पॉलिश न केलेले, सालासकट घ्या. सुकट चालत असेल तर काट्यासकट.

आणि एक विचारतो, सूनबाई बांबूचे कोंब खातात ना? आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात. पहिला पाऊस झाला की पेठच्या बाजारात बायका टोपलीत घेऊन बसतात. कोवळे सोलून, चिरून, पाणी बदलून उकळायचे आणि उडदाच्या डाळीत टाकायचे. जूनमध्ये मी आणून देईन. नाही म्हणू नका.

---

गोदाकाठ | 11 मे, दुपारी 1:05

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरुजी, तुमचा प्रतिसाद सुनेला वाचून दाखवला. "नाशिकमध्ये बांबू खातात?" असं तिने तीनदा विचारलं. डोळे भरून आले तिचे. नाही म्हणायचा प्रश्नच नाही.

डॉक्टर, तुमचं म्हणणं सासूबाईंना समजावून सांगितलं. लॅक्टेज वगैरे त्यांना काही कळलं नाही, त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "खरंय बाई. म्हैस तरी कुठं दूध पिते? ती चाराच खाते." झालं. त्यानंतर दुधाचा विषय त्यांनी काढला नाही.

आता दुसरी एक गोष्ट. तिच्या खोलीत कपाटाच्या तळाशी एक बरणी सापडली, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. आत आंबवलेलं सोयाबीन. त्याला अखुनी म्हणतात, चटणीत किंवा रश्शात घालतात. आधी एका शहरात भाड्याने राहत असताना याच वासावरून घरमालकाने तिला महिन्याच्या आत खोली सोडायला लावली होती. म्हणून आमच्याकडेही लपवून ठेवलेली. दोन वर्षांत तिने ती आमच्या स्वयंपाकघरात एकदाही उघडली नव्हती.

मी बरणी ओट्यावर आणून ठेवली. झाकण उघडलं तर वास होताच, तिखट, उग्र, नाकात बसणारा. हे खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले. सासूबाई काठी टेकत आल्या, बरणीत डोकावल्या, दोनदा वास घेतला आणि म्हणाल्या, "कुरडईचा गहू तिसऱ्या दिवशी असाच वास मारतो. त्याचा चीक तर आपण तूप घालून खातो." आणि बरणी मसाल्याच्या फडताळात, लोणच्याशेजारी ठेवायला सांगितली. मे महिना आहे, आमच्या गच्चीवर नुकत्याच कुरडया वाळल्यात, त्यामुळे तो वास सगळ्यांच्या नाकात ताजा होता.

त्या दिवशी तिने टोमॅटो भाजून, लाल मिरच्या आणि ते सोयाबीन कुटून चटणी केली. मी भाताबरोबर खाल्ली. पहिला घास कठीण गेला, खरं सांगते. तिसऱ्या घासाला चव कळली, काहीशी जुन्या सुकटीसारखी खोल आणि खारट.

---

ओसाकावासी | 11 मे, संध्याकाळी 7:33

किती सुंदर लिहिलंय ताई. मी मूळची नाशिकरोडची, जपानला 11 वर्षं आहे. आंबवलेलं सोयाबीन इथे रोज सकाळी भातावर घेतात, नाट्टो. वास आणि तार दोन्ही. माझी मुलगी दोन वर्षांची असल्यापासून आवडीने खाते, मी अजून नाक मुरडते.

दुधाचं म्हणाल तर इथल्या जुन्या स्वयंपाकात ते जवळजवळ नाहीच. मुलांच्या तोंडी लागलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, शाळेच्या जेवणातून. आजही शाळेत ताटासोबत 200 मिलिलिटरचं दूध असतं, भात आणि मासा असला तरी. तरीपण माझ्या ओळखीतली वयस्कर माणसं हाडांसाठी दुधावर विसंबत नाहीत. छोटे मासे डोक्या-काट्यांसकट, तोफू, समुद्री शेवाळ, तीळ. माझ्या शेजारणीच्या सासूबाई 90च्या आहेत आणि जमिनीवर मांडी घालून बसतात, आधार न घेता उठतात.

माझ्या बाळंतपणात आई नाशिकहून तूप, डिंक, खारीक सगळं घेऊन आली होती. शेजारीण रोज मिसो सूप आणून द्यायची. मी दोन्ही खाल्लं.

---

डचपाऊस | 11 मे, रात्री 11:50

मी नेमका उलट टोकाला राहतो, नेदरलँड्सला. इथे दुपारचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि मोठ्या माणसांच्याही हातात दुधाचा ग्लास. पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळे साहेबलोक दूध पिताना बघून मला घरची आठवण झाली. इथे ताकही मिळतं, कार्नेमेल्क म्हणतात. आपल्यापेक्षा दाट आणि आंबट. मी त्यात पाणी, मीठ आणि जिरेपूड घालतो, सहकारी आश्चर्याने बघतात.

आणि मुद्दा असा की बायकोला हे सगळं पचतं, मला नाही. दोघंही नाशिकचे, दोघांची घरं कॉलेज रोडला, एकाच गल्लीतली. त्यामुळे प्रश्न नागालँड आणि महाराष्ट्र एवढाच नाही. एका घरातही दोन पोटं सारखी नसतात. मी 35 वर्षांचा होईपर्यंत रोज सकाळी दूध पिऊन दिवसभर पोट बिघडवून घेत होतो, कारण आईने ओट्यावर पेला ठेवलेला असायचा. हा धागा तिला पाठवतोय.

---

आजीची_शिदोरी | 12 मे, सकाळी 10:20

गुरुजींचं वाचून मी माझा वरचा सल्ला मागे घेते. माझ्या जावेलाही आम्ही आग्रहच केला होता. काल तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, पचत नव्हतं, तुम्ही विचाराल म्हणून हो म्हणत होते.

ताई, डोहाळजेवणात "पेढा की बर्फी" कसं करणार? दोन्ही खव्याचेच.

---

मालवणी_माहेर | 12 मे, सकाळी 11:02

पेढ्याऐवजी तिळाचा लाडू आणि बर्फीऐवजी नारळाची वडी. वाट्या झाकून ठेवायच्या, तिने एक उघडायची. त्यात काय अडलंय?

---

खवय्या_पंचवटी | 12 मे, दुपारी 12:30

जरा विषयांतर. चिकाचा विषय निघालाच आहे तर, सिन्नरचा_दूधवाला, खरवसाचा चीक मिळेल का? आईला फार आवडतो.

---

सिन्नरचा_दूधवाला | 12 मे, रात्री 9:40

दादा, एक म्हैस पंधरवड्यात विणार आहे. पण आमच्याकडे पहिल्या दिवशीचा चीक आधी रेडकाला पोटभर पाजतो. उरला तर दुसऱ्या दिवशीचा देईन. व्यक्तिगत निरोपात नंबर टाका.

---

गोदाकाठ | 3 जून, संध्याकाळी 4:15

डोहाळजेवण झालं! सगळ्यांनी सुचवलेलं थोडंथोडं केलं. मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने, झोपाळा, हिरवी साडी. ताटात नारळाच्या रसातली खीर (मालवणी_माहेर, फुटली नाही!), पुरणपोळी आणि तूप, मसालेभात, कोथिंबीर वडी, पाच तऱ्हेच्या चटण्या. त्यातली एक तिची टोमॅटोची. गुरुजींनी पहिल्या पावसाची वाट न बघता ओळखीच्या घरून खारवून ठेवलेले वास्ते मिळवून आणले, त्यांची उडदाची आमटी केली. आलेल्या बायकांनी ती दोनदा मागून घेतली.

एका नात्यातल्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अगंबाई, ताटात दूध-दही काहीच नाही? मूल अशक्त होईल." मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिचं ताट मी लावलंय."

वाटी उघडली, नारळाची वडी निघाली.

जेवणाआधी सासूबाईंनी श्लोक म्हटला, सुनेने डोळे मिटून तिची प्रार्थना केली. आम्ही सगळे तेवढा वेळ थांबलो.

---

गोदाकाठ | 2 सप्टेंबर, सकाळी 11:30

मंडळी, 11 ऑगस्टला मुलगी झाली! 2 किलो 900 ग्रॅम. दोघी छान आहेत. दूध भरपूर आहे. पेढे कुणी आणलेच नाहीत, जुन्या नाशकातून गरम जिलेबी आणून सगळ्या सोसायटीत वाटली.

विहीणबाई महिनाभरासाठी आल्या आहेत. मोकोकचुंगहून दिमापूर, तिथून विमानाने मुंबई, मग कसाऱ्याचा घाट चढून नाशिक. सामानात कपडे कमी आणि खाणं जास्त. धुरावलेलं मांस आणलं आहे, तेवढं आमच्या स्वयंपाकघरात शिजत नाही. सासूबाईंच्या देवघराचा मान म्हणून विहीणबाईंनी स्वतःच मागच्या बाल्कनीत शेगडी मांडली. त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. रोज सकाळी त्या आपल्या लेकीला कोंबडीचं पातळ पाणी करून देतात, भरपूर आलं आणि तांदळाची भरड घालून. दुपारी माझी नागलीची भाकरी, शेपूची भाजी, डिंकाचा लाडू, आणि जेवणावर बाळंतशोपा. दोघींनी मिळून सव्वा महिन्याची वाटणी करून घेतली आहे.

विहीणबाईंना हिंदी थोडं येतं, सासूबाईंना अजिबात नाही. तरी दुपारी दोघी शेजारी शेजारी बसतात. परवा मी अळूचं फदफदं करायला पानं आणली होती. विहीणबाईंनी एक पान उचललं, देठापासून टोकापर्यंत बोट फिरवलं आणि सुनेला हाक मारून भराभरा काही सांगायला लागल्या. त्यांच्याकडे याच पानांचा अनिशी नावाचा प्रकार करतात. पानं एकावर एक रचून पिवळी पडेपर्यंत दाबून ठेवायची, मग वाटून त्याच्या चपट्या थापायच्या आणि चुलीवर धुरात किंवा उन्हात वाळवायच्या. वर्षभर टिकतात, रश्शात टाकतात.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "म्हणजे सांडगेच की. खाजत नाही का विचार." सुनेने विचारलं. विहीणबाई हसल्या आणि मान हलवली.

चार जुड्या अळू रचून ठेवलाय, वर पाटा. कालपर्यंत पानं अर्धी पिवळी झाली होती. पाऊस उघडायची वाट बघतोय, गच्ची धुऊन ठेवली आहे.

---

पेठरोड_गुरुजी | 2 सप्टेंबर, दुपारी 2:10

अभिनंदन आजीबाई! अळू काळ्या देठाचा घेतलात ना? नसेल तर रविवारी पेठहून आणतो. बाळालाही बघून जाईन.